खंजिरीची थाप पडली की पेटी दबते, सॉफ्ट क्लिपर नेमका लावू कुठं?

खंजिरीवाला_पोट्टा
जय गुरू मंडळी. आमच्या गावच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग करून राह्यलो. गाव मोझरीपासून जवळच, म्हणजे खंजिरी तर पाह्यजेच. देवळात रात्री ११ नंतर बसतो कारण तवा कुठं गिरणी बंद होते. चार माइक हायेत, दोन गळ्यावर, एक पेटीले, एक खंजिरीले, आन रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतो. झंझट अशी का थाप पडली की मीटर एकदम वर उडते, बाकी सारं खालीच. आवाज वाढवाले मास्टरवर, म्हणजे सारे ट्रॅक एकत्र होतात तिथं, लिमिटर (ठरल्या हद्दीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावला तं दर थापेले पेटी आन गळा दोन्ही दबतात, जसं कोणी मधातच पंप बंद चालू करून राह्यलं. मंग एका व्हिडिओत पाहून मास्टरवर सॉफ्ट क्लिपर टाकला, आवाज मोठा झाला पण पेटी फाटल्यावानी वाजते. विकतचा प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरात जोडाचं आवाजाचं हत्यार, घ्या लागते का? सोयाबीनचे पैसे अजून आले नाही म्हणून आधी विचारतो.

वडसा_साउंड
पैसे ठेव खिशात भाऊ. प्लगइन बरोबर हाय, जागा चुकली. हिवाळाभर नाटकाच्या साउंडवर असतो मी, हेच भोगलं हाय.

सॉफ्ट क्लिपर काय करते तं सिग्नलचं टोक छाटते, पण कुऱ्हाडीनं नाही, रंद्यानं. टोक गोल झालं की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट फ्रिक्वेन्सी नव्या तयार होतात, त्यालेच लोक गरमाई नाहीतर सॅच्युरेशन म्हणतात. आवाजाच्या लाटेची वरची आन खालची बाजू सारखीच छाटली तं तिप्पट-पाचपटवाले येतात, एकच बाजू जास्त दबली तं दुप्पटवाले बी येतात. एकटा सूर असला तं कानाले बरं वाटते. पण मास्टरवर पेटीच्या दोन-तीन पट्ट्या, गळा, खंजिरी सारं एकत्र जाते आन मंग त्यायच्या बेरजा वजाबाक्या सुरू होतात. समज एक सूर ३०० हर्ट्झचा आन दुसरा ४०० चा, तं १००, २००, ५००, ७०० असे सूर निघू शकतात, आन पेटी काही साध्या दोन सुरांची नसते, म्हणून सारे मिळून चिखल होते. फाटल्यावानी वाटते ते हेच. तवा क्लिपर फक्त खंजिरीच्या ट्रॅकवर लाव, मास्टरचा काढ.

आन एक, क्लिपर लावल्यावर जेवढा आवाज वाढला तेवढाच आउटपुटचा खाली आण, मंगच ऐक. मोठं ते चांगलंच वाटते बाप्पा, त्यात आपण सारेच फसतो.

जुना_टेपवाला
वडसावाले बरोबर सांगून राह्यले. मी तर म्हणतो क्लिपरच्या आधी खंजिरीवाल्याले माइकपासून दोन हात मागं सरकव, फुकटात काम होते. कॅसेटच्या काळात आमी टू-इन-वन वर भजनं भरत होतो, काटा लाल पट्टीत गेला तरी खंजिरी गोडच यायची, ते काऊन तं कॅसेटची पट्टी सेकंदाले जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकायची आन भरताना वरचे सूर चढवून भरायचे, म्हणून जोर झाला की पयले वरचेच सूर दबायचे, चकत्यांची किणकिण आपोआप मऊ. टेपसारखा प्लगइन खंजिरीवर शोभते तो म्हणूनच. एअरविंडोजचे टेपवाले प्लगइन फुकट हायेत, सॉफ्टट्यूबचं सॅच्युरेशन नॉब बी फुकट, त्यात एकच मोठं बटण, गोंधळाले जागाच नाही. पण इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक लॅपटॉपले जोडाच्या डब्यात, आत येतानाच लाल लागलं असल तं कोणताच प्लगइन कामाचा नाही, शून्य डीबीच्या वर जे गेलं ते कापल्या गेलं. भरतानी टोक उणे १० डीबीच्या आसपास ठेव.

नागपूर_हेडफोन
चकत्यांबद्दल एक राहिलं. त्यांचे सूर १० किलोहर्ट्झच्या आसपास धर, तर क्लिपरने काढलेलं तिप्पट ३० वर जातं, आणि ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला ४४,१०० नमुने) प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे २२.०५ च्या वर जागाच नाही, मग ते उलटं वळून १४.१ वर येऊन बसतं. त्याचा सुराशी काही संबंध नसतो, वाळू घासल्यासारखं ऐकू येतं. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याचं) बटण असेल तर ४ पट कर. लॅपटॉप हळू झाला तर फक्त रेंडरच्या, म्हणजे शेवटची फाइल काढण्याच्या वेळी चालू कर.

ढोलक असेल तर तिच्या डग्ग्यावर मात्र थोडं सॅच्युरेशन टाकच. ८० हर्ट्झचा घुमारा मोबाइलच्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही, पण १६० आणि २४० चे सूर वर तयार झाले की कान खालचा स्वतःच भरून घेतो.

खंजिरीवाला_पोट्टा
करून पाह्यलं राजेहो. काल लाइन दोनदा गेली तरी बसलोच. मास्टरवरचं काढलं, खंजिरीवर क्लिपर, टोकं चार-पाच डीबी छाटली, ओव्हरसॅम्पलिंग चालू. आता लिमिटर दीड डीबीच्या वर दाबत नाही आन पेटी शांत बसली हाय. खंजिरीच्या माइकात पेटी बी शिरते म्हणून भेव होता, पण क्लिपर थापेच्या टोकालेच धरते, तेवढ्या वेळात पेटीचं काही समजत नाही. मागं सरकाचं सांगितलं तं आमचे खंजिरीवाले आजोबा दोन भजनं मागं बसले, तिसऱ्याले रंगात येऊन पुन्हा माइकपाशी. त्यायच्यावर कोणता प्लगइन लावू?

जुना_टेपवाला
माइकच मागं घे ना बे.