चौथीतली हुशार पोरं : जादा गणितांऐवजी काय द्यावं?

प्रश्न
कोल्हापूर, चौथीचा वर्ग, पट ३८. चौघांची गणितं दहा मिनिटांत उरकतात, मग दंगा. जादा गणितं दिली की तोंडं वाकडी. पाचवीचं पुस्तक काढलं तर पुढच्या बाईंची पंचाईत. काय करता येईल?

उत्तर १
आधी सराव कमी करा. प्रकरण सुरू करण्यापूर्वी त्यातली सर्वांत अवघड ५ गणितं द्या, वेळ १५ मिनिटं. चार बरोबर आली तर त्या प्रकरणाचा सराव माफ. चाचणी मात्र सगळ्या वर्गाला. ठरलेल्या चौघांनाच दिली तर गचाळ अक्षराचं, गप्प बसणारं पोर सुटतं.

वाचलेल्या वेळात गणिती द. रा. कापरेकरांचा ६१७४ या संख्येचा खेळ द्या. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घ्या : ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. घोळ होतो तो शून्याचा. २१११ घेतलं की ९९९ येतं. ते ०९९९ असं लिहिलं नाही तर पुढची वजाबाकी शून्य, आणि पोरगं म्हणतं नियम खोटा! नंतर दोन अंकी संख्या करायला सांगा. तिथं एकच उत्तर न येता चक्र सापडतं : ९, ८१, ६३, २७, ४५, परत ९. सगळे नऊच्या पाढ्यातलेच का, हे मात्र सांगू नका.

उत्तर २
पावसाळ्यात परिसर अभ्यासाला जोडा. दोन लिटरच्या सरळ बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, झालं पर्जन्यमापक. बुडाला खाचखळगे असतात, म्हणून सरळ भागापर्यंत पाणी भरून तिथं शून्याची खूण करा. पन्हाळीखाली किंवा झाडाखाली ठेवू नका. रोज एकाच वेळी मोजा. शेजारी पेपरातली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहा. इशारा ३९ फूट, धोका ४३.

प्रश्नकर्ती
शहरात पाऊस नसताना पातळी वाढली तर मुलं गोंधळतील ना?

उत्तर २
गोंधळू देत, धडा तिथंच आहे. नकाशा द्या आणि पंचगंगेला पाणी आणणाऱ्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या शोधायला लावा. मग या नद्यांच्या वरच्या भागातल्या राधानगरी आणि गगनबावड्याचा पाऊस त्याच तक्त्यात तिसऱ्या-चौथ्या रकान्यात.