ग्रेडियंट मेशचा एकच पॉइंट हलवायचाय, अख्खा आंबा वाकडा होतोय

शिवडी_स्केच:
मामांच्या बागेतले आंबे दादरला येतात, त्यांच्या पेटीसाठी इलस्ट्रेटरमध्ये (अडोबीचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) लेबल करतेय. साध्या रेडियल ग्रेडियंटने (मधून कडेला गोल उतरत जाणारा रंग) हापूस प्लास्टिकच्या बॉलसारखा दिसत होता म्हणून आंब्याच्या पाथवर (बाह्यरेषेवर) क्रिएट ग्रेडियंट मेश केलं, म्हणजे आकारावर रेघांची जाळी येते आणि तिच्या प्रत्येक पॉइंटला वेगळा रंग देता येतो, ८ रो ८ कॉलम दिले. आता देठाजवळची लाली जरा खाली आणायचीये तर पॉइंट पकडायला गेलं की कधी चार पॉइंट एकदम सरकतात, कधी भलतीकडेच नवीन उभी-आडवी रेघ येते, अंडू करून करून दोन संध्याकाळी गेल्या. खालच्या टोकाला रेघा एकमेकींवर चढल्यात आणि तिथे डाग दिसतोय तो वेगळाच. शुक्रवारी प्रिंटला द्यायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

लालबाग_पेनटूल:
चार पॉइंट एकदम सरकतात म्हणजे तुमचं क्लिक पॉइंटवर नाही तर मधल्या चौकोनावर पडतंय. त्याला पॅच म्हणतात, तो ओढला की चारही कोपरे सोबत येतात. आणि नवीन रेघ येते तेव्हा हातात मेश टूल असतं, पॉइंटच्या जरा बाजूला क्लिक झालं की ते नवीन पॉइंट टाकून मोकळं. म्हणून हलवायला पांढरा बाण, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शन टूल, घ्या (ए दाबा), मेश टूल (यू) शक्यतो पॉइंट टाकायला आणि काढायलाच. नको असलेल्या पॉइंटवर मेश टूलने ऑल्ट-क्लिक केलं की तो रेघांसकट जातो.
तुमच्या लालीसाठी मात्र मेश टूलच बरं, शिफ्ट धरून पॉइंट ओढा, तो आहे त्या रेघेवरूनच खाली येईल, इकडेतिकडे जाणार नाही. आणि प्रेफरन्सेसमध्ये सिलेक्शन अँड अँकर डिस्प्ले आहे तिथे अँकरचा साइज वाढवून ठेवा, डोळ्यांना खूप आराम पडतो.

गिरगाव_रेषा:
वरचं सगळं बरोबर, पण ताई खरा त्रास ८ बाय ८ चा आहे. कडेचे धरून ८१ पॉइंट होतात आणि प्रत्येकाला परत हँडल (रेघेचा बाक बदलायच्या दांड्या), कुठे कुठे पुरणार? एका पॉइंटचा रंग शेजारच्या पॉइंटपर्यंतच पसरतो, त्यामुळे रेघा जास्त असल्या की रंग छोट्या छोट्या चौकोनांत अडकतो आणि साल गोधडीसारखी दिसते. हापूसला रंग खरा बदलतो तो देठाच्या खांद्यावर, उन्हाकडच्या गालावर आणि जिथे चमक आहे तिथे, बाकी सगळा पिवळा सावकाश उतरत जातो. रेघा तेवढ्याच हव्यात. चमक धारदार हवी असेल तर तिथे दोन रेघा जवळ आणा, मऊ हवी तर लांब ठेवा.
टोकाचा डाग रंग बदलून जाणार नाही, निमुळत्या जागेत एवढी जाळी कोंबल्यामुळे ती दुमडलीये. मी अशा वेळी आंब्यापेक्षा मोठा साधा अंडाकार घेते, त्यात ३ बाय ३ ची मेश करून रंग भरते, मग आंब्याचा पाथ वर ठेवून दोन्ही निवडून कंट्रोल ७, क्लिपिंग मास्क, म्हणजे पाथच्या बाहेरचं सगळं झाकलं जातं. कड स्वच्छ येते आणि टोकाशी भांडावं लागत नाही. रंगासाठी पांढऱ्या बाणाने पॉइंट निवडून आयड्रॉपरने (रंग उचलायचं टूल) आंब्याच्या फोटोतून उचला, पण एक खरा आंबा खिडकीत ठेवून बघाच, फोटोत सावलीतला हिरवट भाग बऱ्याचदा मरतो. मधूनमधून कंट्रोल एच करून रेघा लपवत जा, नाहीतर आपण जाळीच सजवत बसतो.

प्रभादेवी_प्रेस:
प्रिंटचं सांगतो. डॉक्युमेंट कलर मोड आरजीबी (स्क्रीनचे रंग) असेल तर आधी सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) करा आणि मगच रंग उचला, कारण स्क्रीनवरचा तो पेटलेला केशरी छापताना मळतो आणि मग सगळे पॉइंट परत रंगवत बसावं लागतं. आमच्याकडे बरीच कामं कोरलड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली जातात, मेश तिकडे गेल्यावर तुकडे झालेले मी पाहिलेत. आंबा ३०० डीपीआय टिफ (ठिपक्यांची इमेज फाइल) करून द्या, अक्षरं वेक्टरच (रेषांचीच) राहू द्या. ओरिजिनल फाइल वेगळी जपून ठेवा.

शिवडी_स्केच:
झालं! अंडाकारवाला मार्ग घेतला, १६ पॉइंटमध्ये आंबा उभा राहिला आणि लाली शिफ्ट धरून अगदी हवी तिथे आली. मेश केल्यावर आंब्याचा मूळ पाथच राहिला नव्हता, तो मेश सिलेक्ट करून ऑफसेट पाथला शून्य देऊन परत मिळाला, कोणाचं अडलं तर हे करून बघा. मामांना फोटो पाठवला तर म्हणाले देठाजवळ अजून थोडा हिरवा ठेव, पेटी उघडतात तेव्हा तसाच असतो. तो एक पॉइंट आत्ता करतेय. तिघांचेही मनापासून आभार.