जपानने तांग चीनचं जमीनवाटप उचललं, मग ते मोडलं काहून?

इंदोरा_वाचक:
इंदोऱ्याच्या वाचनवर्गात रविवारी ७०१ ची ताइहो संहिता, म्हणजे जपानी दरबाराने तांग चीनच्या धर्तीवर केलेले कायदे, घ्यायची आहे. जमीन सगळ्यांना वाटली, तरी दोनेकशे वर्षांत वाटप बंद पडलं, ते काहून? आणि बौद्ध धर्माला राजाश्रय होता, तर भिक्खूंवर एवढी बंधनं कशाला?

महालकर:
आधी हिशेब पाहा. सहा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला २ तान (तान हे जुनं जपानी जमीनमाप) धानाची जमीन, बाईला त्याच्या दोन तृतीयांश, माणूस मेला की सरकारजमा. दर ६ वर्षांनी कुटुंबनोंद नवी करायची आणि तिच्यावरून वाटप. तांगमध्ये बाईला सहसा विधवा असली तरच मिळे. हा बदल जपानचा. धानावरचा कर पिकाच्या जेमतेम ३ टक्के. खरा जाच कापड, स्थानिक माल आणि वेठीचा, अन् तो फक्त पुरुषांवर. म्हणजे कागदावर बाई दाखवली की जमीन मिळते, कर चुकतो! ९०२ च्या आवा प्रांताच्या नोंदवहीत म्हणूनच बायकाच बायका दिसतात. नोंद खोटी झाली की वाटप कशावरून करणार? त्यात ७४३ च्या कायद्याने नवी तोडून लागवडीला आणलेली जमीन कायमची मालकीची झाली. ती तोडायची ऐपत सरदारांची आणि मोठ्या मठांची.

कामठी_रोड:
भिक्खूंचं उत्तर त्याच करात आहे. भिक्खूला कर आणि वेठ माफ, म्हणून लोक स्वतःच मुंडण करून मोकळे व्हायचे. संहितेतल्या भिक्खू-भिक्खुणींच्या २७ कलमांत परवानगीशिवाय दीक्षा नाही, भविष्य सांगणं नाही, विहाराबाहेर गर्दी जमवून उपदेश नाही. लोकांत फिरून उपदेश करणाऱ्या ग्योकी भन्तेंना ७१७ मध्ये यावरूनच दरबाराने फटकारलं. पुढे नारा राजधानीतल्या महाबुद्धाच्या मूर्तीसाठी माणसं आणि पैसा हवा झाला, तेव्हा ७४५ मध्ये त्यांनाच सर्वोच्च संघपद दिलं. सोयीचं राजकारण, दुसरं काय.
उपसंपदेचा, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेचा, पेच वेगळा. विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, तीन आचार्य आणि सात साक्षी लागतात, तेवढे रीतसर दीक्षित तिथे नव्हते. म्हणून चीनहून विनयाचे आचार्य गान्जिन बोलावले. पाच प्रयत्न फसून ते ७५३ मध्ये पोचले. महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा प्रतिष्ठाविधी मात्र ७५२ मध्येच भारतातून गेलेल्या भिक्खू बोधिसेनांनी केला होता. वर्गात हे सांगाच.

धान_पट्टा:
'उचललं' हा शब्द जपून वापरा. अधिकारी निवडायची परीक्षा आणि विद्यापीठ आणलं खरं, पण वरच्या दरबारी दर्जाच्या घरातला मुलगा २१ व्या वर्षी आपोआप दर्जा घेई. मग परीक्षेला बसतो कोण? शिवाय कामी, म्हणजे जपानच्या मूळच्या देवांच्या, पूजेचं खातं राज्यपरिषदेच्या बरोबरीने ठेवलं. तांगमध्ये असं खातं नव्हतंच.