बारावी बी ग्रुप, नीट द्यायची नाही, प्राणिशास्त्रातच जायचंय. बडोद्यातून वाट कशी काढावी?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी बारावी सायन्सला आहे, गुजरात बोर्ड, बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. डॉक्टर व्हायचं नाही हे तिचं पक्कं आहे. प्राण्यांचा अभ्यास करायचाय, त्यातही मगरी आणि पाणपक्षी. घरातली मोठी माणसं म्हणतात, मग व्हेटर्नरी कर, हाताला काम तरी राहील. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बीएससी इथेच सयाजीराव विद्यापीठातून करावं की बाहेर पाठवावं? गणित सोडलंय, त्यानं पुढे कुठे अडेल? आणि कॉलेजची तीन-चार वर्षं चालू असताना तिनं नेमकं काय शिकून घ्यावं?

राखी बगळा

आधी व्हेटर्नरीचं, कारण हा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो. पशुवैद्य प्राण्यावर उपचार करतो. प्राणिशास्त्रज्ञ प्राणी कसा जगतो, किती उरलेत, का कमी होतायत, याचा शोध घेतो. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. तिचा मोठा भाग गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यावर जातो, वन्यप्राणी त्यात थोडेच येतात. तिला आजारी मगरीवर इलाज करायचा असेल तर आणंद जवळ आहे, तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय जरूर बघा. पण नदीत मगरी किती आहेत आणि अंडी कुठे घालतात हे शोधायचं असेल, तर बीएससीच हवं.

बीएससीसाठी सयाजीराव विद्यापीठाची सायन्स फॅकल्टी चांगली आहे, घरापासून लांब पाठवण्याची घाई करू नका. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेशाच्या जीकॅस पोर्टलवरून होतो, त्यासाठी गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा लागत नाही. फॉर्म भरताना मुख्य विषय प्राणिशास्त्र ठेवाच, पण दुय्यम विषय निवडताना मैत्रिणी काय घेतात ते बघू नका. संख्याशास्त्र किंवा पर्यावरण मिळत असेल तर ते घ्या. नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. संशोधनात जायचं असेल तर चौथं वर्ष सोडू नये, प्रकल्प हाताने करायची पहिली खरी संधी तिथेच असते.

आता गणित. बीएससी-एमएससीला अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था. पुणे किंवा भोपाळ आयसरला जायचं तर आयएटी ही त्यांची प्रवेश परीक्षा. त्यात जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांचे प्रत्येकी १५, असे ६० प्रश्न आणि २४० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. बी ग्रुपचा विद्यार्थी बसू शकतो, पण ६० गुणांचं गणित सोडून दिलं तर बाकीच्या तीन विषयांवर फार ताण येतो.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं: संख्याशास्त्र. एमएससीचे प्रबंध इथेच कोसळतात. एकाच तळ्यावर दहा दिवस मोजणी केली म्हणजे दहा तळ्यांचा नमुना होत नाही, तो एकाच तळ्याचा दहा वेळा घेतलेला नमुना असतो. ही चूक वर्षभराचं काम संपल्यावर लक्षात येते आणि मग कुठलीही चाचणी लावून ती सुधारत नाही. म्हणून मोजायला जाण्याआधी ठरवायचं: प्रश्न कोणता, नमुने किती, कोणती चाचणी लावणार. दुसऱ्या वर्षापासून संख्याशास्त्राचं ‘आर’ हे सॉफ्टवेअर शिकायला लावा, फुकट आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस, तेही फुकट.

एमएससीला मात्र बाहेरचा विचार करा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाचा एमएससी आहे. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पण प्रवेश दर दोन वर्षांनी एकदाच होतात, तेव्हा पदवी कोणत्या साली संपते ते आजच मोजून ठेवा. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचाही एमएससी आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या एमएससीसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा. हे काहीच जमलं नाही तरी बडोद्यातला प्राणिशास्त्राचा एमएससी काही कमी नाही, मार्गदर्शक कोणत्या विषयावर काम करतात ते बघून प्रबंध निवडायचा, एवढंच.

टिटवी

वरच्या उत्तरात एक भर. यूजीसीने २०१४ मध्ये कॉलेजातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद केलं. ते योग्यच झालं. पण आता बऱ्याच मुलांना वर्गात आकृती आणि मॉडेलच दिसतं, प्राणी दिसत नाही. ती उणीव बाहेर भरून काढावी लागते, आणि त्यासाठी बडोद्यासारखं गाव नाही.

डभोईजवळचा वढवाणा तलाव २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात वारकरी (काळा पाणपक्षी, कूट), तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब हजारोंनी उतरतात. तिथे ‘खूप पक्षी पाहिले’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. मोजायची रीत अशी: सकाळी ऊन पाठीशी येईल अशी जागा धरा. थव्यातले ५० पक्षी एकेक करून मोजा आणि ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा. मग तोच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा वहीत लिहून झाल्यावरच बोलायचं, नाहीतर दुसरीचा आकडा पहिलीच्या आकड्याकडे सरकतो. पाचव्या हिश्शाहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. मोठ्या थव्यात नजर नेहमी कमीच धरते, आणि वारकरी बुड्या मारतात म्हणून आणखी कमी.

दुर्बीण ८ गुणिले ४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. नवख्या हातात १० पटीची थरथरते.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, हवा, संख्या आणि प्राणी काय करत होता, एवढं हवंच. नाव नक्की नसेल तर अंदाजाने लिहू नये, चोच, पाय, शेपटी यांचं वर्णन लिहावं. चुकीचं नाव पुढे कुणाला ओळखू येत नाही, वर्णनावरून मात्र दहा वर्षांनीही नाव लावता येतं. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.

मगरींसाठी थंडीतल्या सकाळी विश्वामित्री नदीच्या पुलांवरून बघायचं, त्या ऊन खायला काठावर येतात. पूर्ण अंग दिसलं नाही तरी डोक्याच्या लांबीच्या साधारण सातपट एकूण लांबी धरता येते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला मादी काठच्या मातीत खड्डा खणून अंडी घालते, त्या दिवसांत काठावर अजिबात उतरू नये. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय पकडणं, हाताळणं, अंडी हलवणं गुन्हा आहे. आणि एक कळकळीने सांगते: पावसाळ्यात वस्तीत शिरलेली मगर पकडताना फोटो काढून घेणं म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे. ते काम वनखात्याचं आणि त्यांच्या प्रशिक्षित माणसांचं.

विश्वामित्रीकाठ

दोघांचे मनापासून आभार. घरात पुढचा प्रश्न पोटापाण्याचा येणार. एमएससीनंतर पगार नेमका कुठून सुरू होतो?

चष्मेवाला

पहिला नियमित पैसा बहुधा फेलोशिपचा असतो. सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस ही फेलोशिप आणि प्राध्यापकीची राष्ट्रीय परीक्षा वर्षातून दोनदा होते, एमएससीच्या शेवटच्या वर्षालाही बसता येतं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की पीएचडी करताना महिना ३७,००० आणि वर घरभाडं, एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००. पेपर २०० गुणांचा. ‘क’ भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चूक झाली की त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १ गुण कापला जातो. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. पक्षी-प्राणी आवडणारी मुलं परिसंस्था, उत्क्रांती, वर्तन एवढंच पक्कं करतात आणि पेशी, रेणू, शरीरक्रिया यांत मार खातात. एमएससीच्या पहिल्या सत्रापासून तेही धरायचं.

गुजरातमध्ये प्राध्यापकीसाठी जीसेट ही राज्याची पात्रता परीक्षाही चालते. ती परीक्षा आपलं सयाजीराव विद्यापीठच घेतं.

दुसरी वाट वनसेवेची. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेला प्राणिशास्त्राची पदवी चालते, मुख्य परीक्षेत दोन वैकल्पिक विषय असतात आणि बरेच जण प्राणिशास्त्राबरोबर वनशास्त्र घेतात. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००. निवडीत चालण्याची चाचणी आहे: मुलींना १४ किलोमीटर, मुलांना २५, दोघांनाही चार तासांत. राज्यात गुजरात लोकसेवा आयोगामार्फत (जीपीएससी) आरएफओ (वनक्षेत्रपाल) आणि एसीएफ (सहायक वनसंरक्षक) ही पदं. आपल्या मराठी घरांतली मुलं गुजराती फाडफाड बोलतात पण लिहिताना अडखळतात. तिनं इंग्रजी माध्यम घेतलं असेल तर गुजराती लिहिण्याचा सराव आत्तापासून ठेवा.

तिसरी वाट फारसं कुणी सांगत नाही. भरूच-दहेजकडे नवे उद्योग येतात, त्यांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल लागतो आणि त्यात परिसंस्था व जैवविविधतेचा जाणकार असावाच लागतो. एमएससीनंतर तिथे लवकर काम मिळतं. मात्र कुठल्याही प्रजातीचं नाव प्रत्यक्ष न पाहता यादीत घालायला कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणायचं. त्याच यादीवर तलाव राहणार की बुजणार हे ठरतं.

शिवाय भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे. १९१६ पासूनची संस्था, मुख्यालय कोलकात्यात, आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. तिथे वर्गीकरणाचं काम चालतं. कोळी, गोगलगायी, गांडुळं अशा गटांत जाणकार फार थोडे आहेत. मगर आणि बगळे आवडतात ते ठीकच आहे, पण पहिल्या वर्षी तिला एखादा असा दुर्लक्षित गटही हातात घेऊन बघू दे.