स्पगेटीची थाळी आणि न पाहिलेली कॅसेट

पाणचक्की (धागाकर्ता)

बेल्जियममधल्या मार्क द्युत्रू प्रकरणाबद्दल परत वाचत होतो आणि परत तिथेच अडकलो. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जून १९९५ मध्ये आठ वर्षांच्या दोन मुली पळवल्या गेल्या. पळवणारा द्युत्रू नवखा नव्हता. मुलींचं अपहरण आणि बलात्कार यासाठी १९८९ मध्ये त्याला साडेतेरा वर्षांची शिक्षा झाली होती आणि १९९२ मध्येच तो बाहेर आला होता. डिसेंबर १९९५ मध्ये तो दुसऱ्याच गुन्ह्यात आत असताना पोलिस त्याच्या मार्सिनेलच्या घरात झडतीला गेले. तळघरात मुलांचे आवाज ऐकू आले. सोबत आणलेल्या कुलूपवाल्यालाही आले. मिशो नावाच्या अधिकाऱ्याने सगळ्यांना गप्प केलं, आवाजही थांबले, आणि 'रस्त्यावरची पोरं असतील' असं ठरवून मंडळी वर आली. मुली तिथेच, फडताळामागच्या चोरखोलीत होत्या. झडतीत व्हिडिओ कॅसेटी जप्त झाल्या होत्या. एकीत हा माणूस तीच चोरखोली बांधताना दिसत होता. ती कोणी लावून पाहिलीच नाही. कॅसेटी त्याच्या बायकोकडे परत गेल्या. मुली उपाशी मेल्या.

आता पुढचं. ऑगस्ट १९९६ मध्ये आणखी एक मुलगी नाहीशी झाली. एका साक्षीदाराला गाडीच्या नंबराचा तुकडा आठवत होता. तपास न्यायाधीश ज्याँ-मार्क कॉनरॉत यांनी धागा सोडला नाही. १३ ऑगस्टला द्युत्रू अटकेत, आणि दोन दिवसांत ती आणि आधीच पळवलेली आणखी एक, अशा दोन मुली जिवंत बाहेर. सप्टेंबरात हेच कॉनरॉत पीडित कुटुंबांसाठीच्या एका जेवणाला गेले, स्पगेटी खाल्ली, एक पेन भेट म्हणून घेतलं. १४ ऑक्टोबरला वरच्या कोर्टाने त्यांना निःपक्षपातीपणाच्या मुद्द्यावर तपासातून काढलं. पुढच्या रविवारी ब्रसेल्सच्या रस्त्यावर सुमारे ३ लाख लोक उतरले.

मला एवढंच विचारायचंय: ज्या यंत्रणेला कॅसेट दिसत नाही तिला शेवया बऱ्या दिसतात?

ताम्रपट

वकिली करतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. कोर्ट बरोबर होतं.

बेल्जियममध्ये तपास न्यायाधीश हा फिर्यादीचा माणूस नसतो. आरोपीच्या बाजूचा पुरावाही त्यानेच गोळा करायचा असतो. तो एका बाजूच्या पंगतीला बसला की त्याने लिहिलेल्या प्रत्येक कागदावर बचावपक्ष बोट ठेवणार. जेवायला न जाणं अवघड होतं का हो? एक फोन करून 'शुभेच्छा, पण येता येणार नाही' म्हणायचं होतं.

पाणचक्की

आणि नवा न्यायाधीश येऊन पाटी कोरी करून बसला त्याचं काय? अटक १९९६ ला, खटला उभा राहिला मार्च २००४ मध्ये. मधल्या काळात, एप्रिल १९९८ मध्ये, आरोपी काही तासांसाठी चक्क पळूनही गेला. दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले.

ताम्रपट

पळाला तो पहाऱ्यातून. त्याचं बिल कोर्टाच्या नावावर का फाडताय? जून २००४ मध्ये जन्मठेप झाली आणि ती टिकली, हेही लिहा की.

रातकिडा७

झोपा काढा. वरच्यांना वाचवायचं होतं म्हणून कॅसेटी दाबल्या. सरळ आहे.

जुनी_दप्तरं

रातकिडा, सरळ नाही. मी अनेक वर्षं मुद्देमाल सांभाळला आहे (कुठे ते विचारू नका). पुरावा कसा हरवतो ते सांगते. पाकीट येतं, लाखेचं सील असतं, वर चिठ्ठी. चिठ्ठीवरचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळत नाही, कारण लिहिणाऱ्याने ७ चा १ वाटेल असा काढलेला असतो. आणणारा घाईत असतो, घेणारी जेवायला उठलेली असते. 'राहू दे, उद्या बघू.' पावसाळ्यात शाई पसरते. तीन वर्षांनी तारीख लागते तेव्हा ते पाकीट असतं, पण ते कोणाचं हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. ह्यात कट कुठेच नाही, आणि आरोपी सुटतो.

द्युत्रू प्रकरणातही संसदेच्या समितीने हेच म्हटलं: वरून संरक्षण असल्याचा पुरावा नाही, पण ढिसाळपणा आणि नालायकी भरपूर. जोंदार्मरी, म्हणजे तिथलं लष्करी वळणाचं पोलिस दल, द्युत्रूवर आधीच नजर ठेवून होतं. त्या मोहिमेला 'ऑथेल्लो' असं नावही होतं. पण मुलींच्या तपासावरच्या न्यायाधीशालाच ते पुरतं सांगितलं नव्हतं! श्रेय आपल्याला मिळावं म्हणून. पुढे ते दलच मोडीत काढलं.

रातकिडा७

आणि लंडनमध्ये मुलांवरच्या अत्याचारांच्या आरोपांशी संबंधित अशा गृहखात्याच्या ११४ फायली गायब झाल्या, त्याही पावसात भिजल्या का?

जुनी_दप्तरं

२०१४ मध्ये त्याची चौकशी झाली. मुद्दाम नष्ट केल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि तसं घडलंच नाही असंही छातीठोकपणे सांगता आलं नाही. त्या रिकाम्या जागेत काय शिरलं माहितीये? एक खोटा तक्रारदार. बड्या लोकांवर त्याने मनगढंत आरोप केले, पोलिसांनी ते उचलून धरले, आणि २०१९ मध्ये त्यालाच १८ वर्षांची शिक्षा झाली. तोवर खऱ्या पीडितांवरचा विश्वासही उडाला.

सायली_

सगळे कपाटं आणि पाकिटांवर बोलताय. अशा गुन्ह्यात बहुतेक वेळा पुरावा म्हणजे मुलाची आठवण, आणि ती प्रश्न विचारणाराच बिघडवतो. 'मग काय झालं?' असं विचारून गप्प बसणं वेगळं. 'त्या काकांनीही हात लावला ना?' हे वेगळं. दुसरा प्रश्न चार जणांनी चार वेळा विचारला की मूल 'हो' म्हणतं, आणि नंतर त्याला स्वतःलाच सांगता येत नाही की त्यातलं काय घडलं आणि काय विचारलं गेलं. म्हणून पहिलं बोलणं पहिल्याच वेळी रेकॉर्ड व्हायला हवं. ते झालं नाही की कुठलंच कोर्ट ते परत आणू शकत नाही.

फ्रान्समधलं उत्रो प्रकरण बघा. तरुण तपास न्यायाधीश, बुर्गो, मुलांवर पूर्ण विश्वास ठेवून निघाला. १७ जणांवर खटला, शेवटी १३ निर्दोष. त्याआधी एकजण तुरुंगातच मेला. आणि अत्याचार खरेच झाले होते. १२ मुलं पीडित म्हणून मान्य झाली.

पाणचक्की, तुम्हाला हवा तसा कळकळीचा न्यायाधीश तोही होता.

पाणचक्की

हा लागला. मान्य. तरी कॉनरॉत आणि बुर्गो यांना एका पारड्यात घालणार नाही. एकाने मुली जिवंत बाहेर काढल्या, दुसऱ्याने निरपराध माणसं आत टाकली. २००४ मध्ये कॉनरॉत साक्षीला उभे राहिले आणि भर कोर्टात रडले. अशा माणसाला तपासातून काढणं मला अजून पटत नाही.

ताम्रपट

ते रडले, म्हणूनच काढलं असं कोर्ट म्हणेल.

सायली_

फार निर्दय बोललात.

ताम्रपट

असेन. मात्र उद्या माझ्याच घरातलं मूल असतं, तर मीही त्यांना जेवायला बोलावलं असतं, हेही खरं.