'पॉलिनोमिअल केऑस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
प्रवाहाच्या संगणकीय सिम्युलेशनवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'पॉलिनोमिअल केऑस' पदोपदी येतं. 'बहुपदी गोंधळ' चालेल का? शिवाय 'अनिश्चितता' आणि 'त्रुटी' एकाच अर्थाने वापरले तर बिघडेल का?

उत्तर
'गोंधळ' कृपा करून नको. 'अराजक'ही नको. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९३८ साली 'केऑस' हा शब्द घेतला तो निव्वळ यादृच्छिकतेसाठी. आज केऑस म्हटलं की आठवतो तो हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ: सुरुवातीच्या स्थितीत बारीकसा फरक पडला की पुढचं सगळं बदलतं. त्याचा प्रसिद्ध निबंध १९६३चा, आणि गणितात त्या अर्थाने 'केऑस' रुळला तो १९७५नंतर. नाव तेच, पण संकल्पना वेगळ्या.

पॉलिनोमिअल केऑस म्हणजे माहितीतल्या अनिश्चिततेचा उत्तरावर होणारा परिणाम बहुपदींच्या बेरजेत मांडायची पद्धत. तिच्यात गोंधळ कसा नाही ते उदाहरणातच दिसेल. नळीतून संथ, थरांनी वाहणारा द्रव घ्या. दाबातला फरक कायम असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. आता त्रिज्या नेमकी माहीत नाही, सरासरीभोवती ५ टक्के प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) आहे आणि वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचं आहे असं धरा. सरासरी त्रिज्या सूत्रात घालून मिळालेला प्रवाह हा सरासरी प्रवाह नसतो. खरी सरासरी त्याहून १.५ टक्के जास्त भरते, आणि प्रवाहातलं विचलन सुमारे २० टक्क्यांवर जातं.

हा दीड टक्का 'माँटे कार्लो' पद्धतीने शोधायचा तर यादृच्छिक त्रिज्या निवडत गणित पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते, म्हणून ती ०.१५ टक्क्यांवर आणायला सुमारे १८ हजार वेळा. वीनरच्या वाटेने गेलं तर उत्तर हर्मिट बहुपदींच्या (प्रसामान्य वितरणाला जुळणाऱ्या खास बहुपदींच्या) बेरजेत मांडता येतं आणि इथे ती बेरीज पाच पदांत पूर्ण होते. पहिलं पद म्हणजे सरासरी, बाकीच्या पदांतून प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. नुसती सरासरी हवी असेल तर नेमक्या निवडलेल्या तीन त्रिज्या पुरतात! इतक्या नेटक्या रीतीला 'गोंधळ' म्हणणं मला खरोखर खटकतं.

माझी सूचना: 'यादृच्छिक बहुपदी विस्तार'. पहिल्या उल्लेखात 'यालाच पॉलिनोमिअल केऑस म्हणतात' एवढं लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला धागा सापडेल.

प्रतिसाद
सूचना पटली. पण हा विस्तार सगळीकडे इतका स्वस्त नसतो, हेही लेखात यावं. अनिश्चित गोष्टी दहा आणि बहुपदीचा घात तीनपर्यंत घेतला, तरी पदं २८६ होतात. प्रवाहात शॉक (दाब-वेग एकदम बदलणारी सीमा) असेल आणि त्याची जागाच अनिश्चित असेल, तर गुळगुळीत बहुपदी तिथे हेलकावे खातात. संक्षुब्ध (टर्ब्युलंट) प्रवाह लॉरेन्झच्या अर्थाने केऑटिक असतो, त्यामुळे काळ पुढे सरकेल तसा लागणारा घात वाढत जातो आणि विस्तार हळूहळू निकामी होतो. म्हणजे वीनरच्या केऑसची पद्धत लॉरेन्झच्या केऑसपुढे अडते. दोन्हींना मराठीत एकच शब्द दिला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

उत्तर
अगदी. आता दुसरा प्रश्न. 'त्रुटी' म्हणजे गणन करताना आपल्या हातून आलेली उणीव: जाळी (गणनासाठी जागेचे पाडलेले तुकडे) जाड ठेवली, काळाचे टप्पे मोठे घेतले. जाळी बारीक केली की ती घटते. 'अनिश्चितता' मुळात माहितीत असते, जसं आत येणाऱ्या प्रवाहाचा वेग नक्की माहीत नसणं. जाळी कितीही बारीक करा, ती हलत नाही. वेग खरोखरच कमीजास्त होत असेल तर ती उपजत, आणि मोजलाच नसेल तर अज्ञानजन्य. दुसरी मोजमाप केल्यावर कमी होते. त्यामुळे 'अनिश्चितता' आणि 'त्रुटी' यांची अदलाबदल करू नका. जाळी बारीक करायची की वेग नीट मोजून घ्यायचा, हे त्यावरच ठरतं.