मदत हवी आहे: पिवळी स्कूटर, भलीमोठी इस्त्री आणि एक बिनशब्दांचं जपानी गाणं

सांगलीची_भाची

नमस्कार मंडळी, इथे ॲनिमे (म्हणजे ती जपानी कार्टून) बघणारे आणि त्यातली गाणी ऐकणारे बरेच जण दिसतात म्हणून धीर करून विचारतेय, मला त्यातलं फार काही कळत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. एक गाणं शोधायचंय. अडचण अशी की गाण्याचं नाव माहीत नाही, बँड कुठला ते माहीत नाही, ॲनिमेचंही नाव आठवत नाही आणि गाण्याला शब्द नाहीत. हसू नका.

झालं असं, २००६ च्या मे महिन्यात मी सुट्टीला सांगलीला मावशीकडे होते. माझा मावसभाऊ तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला, तो हॉस्टेलवरून सीड्यांची चवडच घेऊन आला होता. दुपारी मावशी आडवी झाली की आम्ही दोघं त्याच्या कॉम्प्युटरवर ते बघत बसायचो, तो जुना डबा मॉनिटर, पडदे ओढलेले, आवाज एकदम बारीक. त्या काळचं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको, बरोब्बर रंगात आलं की लाईट जायची. मग पंखा बंद, घामाच्या धारा, आणि दादा कोपऱ्यातली गिटार ओढून नुकतीच ऐकलेली एक धून वाजवत बसायचा, तीच तीच, लाईट येईपर्यंत. मला ती धून जशीच्या तशी पाठ आहे. पण ॲनिमेचा शेवट काही आम्ही बघितला नाही, तिसऱ्या भागाच्या पुढची सीडीच चालेना.

आठवतं ते असं: गुलाबी केसांची एक बाई पिवळ्या स्कूटरवरून सुसाट येते आणि एका शाळकरी पोराच्या डोक्यात गिटार हाणते, मग त्याच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ येतं आणि त्यातून चक्क रोबो बाहेर पडतो (खरंच, मी काही घेतलेलं नव्हतं, तेरा वर्षांची होते), आणि गावात कपड्याच्या इस्त्रीसारखी दिसणारी अवाढव्य फॅक्टरी असते, तिच्यातून वाफ येत असते.

आता घाई का, तर दादाला पुढच्या महिन्यात चाळीस पूर्ण होतायत. काका गेल्यावर त्याने हार्डवेअरचं दुकान हातात घेतलं आणि गिटार विकून टाकली, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. माझ्या ऑफिसातली तीन पोरं हौस म्हणून वाजवतात, ती म्हणाली गाणं आणून दे, आम्ही बसवतो. दादाला विचारलं की सरप्राइज फुटणार. गुणगुणून गाणं शोधून देणारं ॲप वापरून बघितलं, पहिल्यांदा त्याने जुनं हिंदी गाणं दिलं आणि दुसऱ्यांदा गणपतीचं. तेव्हा आता तुम्हीच सांगा.

बेसुरा_बेसिस्ट

ताई, स्कूटर म्हटल्याबरोबर ओळखलं, इस्त्री वाचून खुर्चीवरनं उठलो. फूली कूली! एफएलसीएल म्हणूनही लिहितात. अख्खी मालिका सहा भागांची, २००० ते २००१ मध्ये व्हिडिओवर आलेली, गाइनॅक्स आणि प्रॉडक्शन आयजी या दोन स्टुडिओंची, दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी. बाईचं नाव हारुको, पोराचं नाओता.

आणि एक दुरुस्ती, रागावू नका, पण ती गिटार नाही, बास आहे, म्हणजे चार तारांची, खर्जातली गिटार. रिकनबॅकर ४००१, निळी, डावखुरी. तिला मोटर बसवलेली असते, ती सुरू करायला हारुको जनरेटरची दोरी ओढावी तशी ओढते, तो आवाज ऐकून मी अकरावीत घरी जाहीर केलं की मला बास घ्यायचाय. वडील म्हणाले चार तारांचे एवढे पैसे?

गाणी सगळी द पिलोज या बँडची. पिलोज म्हणजे उशा. नाव मऊ आहे, बँड नाही.

चेतकवाला

गाण्यातलं मला कळत नाही पण स्कूटरवर बोलू द्या. ती व्हेस्पा आहे, साठच्या दशकातलं मॉडेल. आपल्याकडे आकुर्डीला बजाज १९६१ पासून १९७१ पर्यंत पियाजिओच्या (व्हेस्पाची मूळ इटालियन कंपनी) परवान्यावर व्हेस्पाच बनवत होते, मग १९७२ ला चेतक आली, तोंडावळा तोच राहिला. त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मला जपान वगैरे वाटलंच नाही, आमच्या आळीतल्या सरांची स्कूटर कुणीतरी पळवली असंच वाटलं. प्रत्येक भागाच्या शेवटी जे गाणं लागतं त्यात स्कूटर आणि बासचे फोटोच फोटो आहेत, चित्रं नाहीत, तेवढं तरी थांबून बघा. मी तेवढ्यासाठी शेवटपर्यंत बसायचो.

बेसुरा_बेसिस्ट

ते शेवटचं गाणं म्हणजे राइड ऑन शूटिंग स्टार. ताई, तुमची धून ती तर नव्हे?

सांगलीची_भाची

अय्या, नाव मिळालंसुद्धा! अर्धा तास पण झाला नाही. शूटिंग स्टार आत्ता ऐकलं, ते नाही. ते आठवतंय, त्याला शब्द आहेत आणि ते दणदणीत आहे. माझी धून शांत आहे, दुपारसारखी. आणि तिला शब्द नाहीत हे नक्की, एक ओळही कुणी गात नव्हतं.

इंद्रधनुष्य९७

जपानी रॉक आणि ॲनिमे असा विषय निघाला आणि अजून कुणी लार्क आँ सिएल या बँडचं नाव घेतलं नाही, कमाल आहे. फुलमेटल अल्केमिस्टचं रेडी स्टेडी गो ऐका, अंगावर काटा येतो. आणि रुरोनी केनशिनचा किस्सा माहितीय का, त्यांचं द फोर्थ ॲव्हेन्यू कॅफे शेवटाला लावलं होतं, १९९७ ला ड्रमरला अटक झाली आणि थोड्याच भागांत ते काढून आधीचं गाणं परत आणलं. माझ्यासाठी ते मालिकेतलं सगळ्यात भारी गाणं आणि तेच सगळ्यात कमी वाजलं. तसंच एशियन कुंग-फू जनरेशनचं हारुका कानाता, नारुतोचं दुसरं ओपनिंग, ते लागलं की मी अजूनही जेवणाचं ताट ठेवून

बेसुरा_बेसिस्ट

भाऊ, ताईंचं गाणं सापडू दे, मग ताट घेऊन या, सगळे बसू. हारुका कानाताची बासलाइन मात्र मान्य. सुरुवातच तिच्यावर आहे.

निशीकासाईकर

नमस्कार, मी तोक्योत असतो, गेली नऊ वर्षं. आणि पिलोज म्हटलं की मला झोप लागत नाही, त्यामुळे थोडं लांबलचक होईल.

ताई, तुमची आठवण बरोबर आहे आणि गाण्याला शब्दही आहेत. दोन्ही खरं आहे. असं बघा, नेहमी ॲनिमे बनतं आणि मग त्याच्यासाठी गाणं करून घेतात. इथे उलटं झालं. मालिकेच्या निर्मितीत किंग रेकॉर्ड्स या कंपनीचं स्टारचाइल्ड हे लेबल होतं आणि पिलोजचे त्या वेळचे अल्बमही किंगचेच, त्यामुळे बँडची जुनी गाणी हाताशी तयार होती. लिटल बस्टर्स १९९८ चा, रनर्स हाय आणि हॅपी बिव्हूॲक दोन्ही १९९९ चे. यातली गाणी उचलून उचलून मालिकेत लावली, आणि बऱ्याच ठिकाणी गायकाचा आवाज काढून नुसतं वाद्यसंगीत ठेवलं, म्हणजे माणसं बोलत असताना मध्ये येत नाही. मालिकेसाठी म्हणून नवीन केलेली गाणी दोनच, राइड ऑन शूटिंग स्टार आणि आय थिंक आय कॅन. म्हणून तुम्हाला शब्द आठवत नाहीत, तुम्ही शब्द काढलेलं गाणं ऐकलंत आणि पुढे दादांनी ते गिटारवर वाजवलं, म्हणजे दोनदा बिनशब्दांचं.

आता मला सांगा, धून लागते तेव्हा पडद्यावर काय चाललेलं असतं? पहिल्या भागात रोबो मारामारी करतो तेव्हा लिटल बस्टर्स आहे, पण तुम्ही शांत म्हणताय.

सांगलीची_भाची

थांबा हं, डोळे मिटून आठवते. मारामारी नाही. अगदी सुरुवात सुरुवातच. पूल आहे, खाली नदी, नाओता (आता नाव घेता येतंय!) दप्तर घेऊन बसलाय, शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मोठी मुलगी, ती त्याच्या अंगचटीला येते आणि तो वैतागतो. काहीच घडत नाही. मला आठवतंय मी दादाला म्हटलं होतं की हे काय, यात तर नुसती दुपारच आहे, आपल्यासारखी. आणि पोराकडे बॅट होती बहुतेक.

निशीकासाईकर

बॅट त्याच्या मोठ्या भावाची, तो बेसबॉल खेळायला अमेरिकेला गेलेला असतो. मुलगी मामिमी, त्या भावाची मैत्रीण. वन लाइफ ऐका. लिटल बस्टर्स अल्बममध्ये आहे. आधी साउंडट्रॅकच्या पहिल्या सीडीतलं, ॲडिक्ट नावाची आहे, त्यातलं बिनआवाजाचं ऐका आणि मग अल्बममधलं. याच क्रमाने, उलटं नको.

सांगलीची_भाची

हेच. हेच हेच हेच.

ऑफिसच्या कँटीनमध्ये इअरफोन लावून ऐकलं आणि पहिल्या काही सेकंदांतच मावशीच्या खोलीतला तो हिरवा पडदा डोळ्यांसमोर आला, समोरची मैत्रीण विचारायला लागली काय झालं गं. मग अल्बमवालं लावलं. खरं सांगू, गायकाने तोंड उघडलं तेव्हा आधी रागच आला, आमच्या घरात हा कोण आला असं झालं. तीनदा ऐकल्यावर बरं वाटायला लागलं. दादाने सीडीवरून ऐकून बसवलेलं होतं, त्यात तो एके ठिकाणी चुकायचा, आणि मला इतकी वर्षं ती चूकच खरी धून वाटत होती. तिथे आले की मन अजून दादाकडेच वळतं.

निशीकासाईकर, तुमचे उपकार कसे फेडू? अजून एक विचारते, हा बँड अजून वाजवतो का, आणि ओरिजिनल सीडी मिळेल का?

निशीकासाईकर

बँड नाही राहिला. १९८९ ला सुरू झालेला, ३१ जानेवारी २०२५ ला थांबले. मला फेब्रुवारीच्या पहिल्या सकाळी ट्रेनमध्ये कळलं, ऑफिसच्या स्टेशनवर उतरलोच नाही, पुढच्यावर उतरलो. यामानाका, मानाबे आणि सातो, तिघं शेवटपर्यंत एकत्र होते, हे काय कमी आहे.

सीडीचं टेन्शन घेऊ नका, इथे जुन्या पुस्तकांच्या आणि सीड्यांच्या दुकानांत त्यांचे अल्बम निघतात, कडेची कागदी पट्टी असलेली बघतो, तिला इथे ओबी म्हणतात, ओवी नव्हे. माझा भाऊ पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर देतो. लिटल बस्टर्स नावाचं नंतरचं एक वेगळंच ॲनिमेही आहे, त्याची सीडी चुकून मागवू नका, माझ्याकडून एकदा ती चूक झालीय.

सांगलीची_भाची

देव भलं करो तुमचं. आता शेवटची अडचण. माझी तीन पोरं म्हणजे दोन गिटार आणि एक ड्रम. त्यातला गाणारा म्हणतो बास नसला तर हे गाणं पोकळ वाटेल, दुसरं काहीतरी निवड. दुसरं कसं निवडू?

बेसुरा_बेसिस्ट

अहो ताई, पिलोजचं पण हेच! त्यांचा बेसिस्ट १९९२ ला बाहेर पडला आणि मग इतकी वर्षं ते तिघंच, दोन गिटार एक ड्रम, बास वाजवायला पाहुणा. ज्या बँडकडे स्वतःचा बेसिस्ट नाही त्याची गाणी नेमकी बासने डोकी फोडणाऱ्या मालिकेला लागली, याच्यावर मी एकदा मित्राशी रात्री दोनपर्यंत भांडलोय. तुमच्या पोरांना म्हणावं तुम्ही मूळ बँडच्या मापाचेच आहात, पाहुणा तेवढा हवा.

आणि पाहुणा मिरजेत बसलाय. मी. दुकान सांगलीत कुठे म्हणता? माझ्याकडचा बास रिकनबॅकर नाही, साधा आहे, रंग मात्र निळा आहे. धून मी आज बसवतो, दादा चुकायचे ती जागा मला गुणगुणून पाठवा, तिथे आपण चुकूनच वाजवू.

इंद्रधनुष्य९७

हे असलं काहीतरी वाचायला मी इथे येतो राव. व्हिडिओ टाका नक्की. आता माझं ताट घेऊन येऊ का?

सांगलीची_भाची

या या, सगळे या, जेवण मावशीकडेच आहे. बेसुरा दादा, तुम्हाला पत्ता निरोपातून पाठवलाय आणि गुणगुणलेलं पण, हसायचं नाही. रविवारी दुपारी चारला दुकान बंद असतं, मागच्या अंगणात वाजवायचं ठरलंय. मावशीला सगळं सांगून टाकलं, तिच्यापासून काही लपत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वाजवा की, पण आवाज बारीक ठेवा.